पालथे शंख

बोटीतून उतरून धक्क्याच्या शेवटच्या फळीवर पाय ठेवला आणि पुढचा पाय माझ्याकडून उचललाच गेला नाही. समोर वाट होती. कंगव्यानं विंचरल्यासारखी पांढरी वाळू, आणि दोन्ही कडांना मोठाले शंख, एकाला एक चिकटून, वाट झाडीत वळते तिथपर्यंत. सगळ्यांची गुलाबी तोंडं आभाळाकडे. मागून माझी बॅग घेऊन येणारा माणूस पाठीवर आदळता आदळता थांबला. अरेलिस पुढे गेली होती. अरेलिस म्हणजे माझी मुलगी. हे हॉटेल, त्याची घरं, वाटा, झाडं सगळं तिनं आखलेलं. ती वळून म्हणाली, "चल ना आई. चक्कर आली का?" चक्कर आली नव्हती. मी चपला काढून हातात घेतल्या, वाटेवरून खाली उतरले आणि पाण्याच्या कडेकडेनं ओल्या वाळूतून चालायला लागले. आमच्या बोटीतले बाकीचे पाहुणे वाटेवरून, मी एकटी खालून. म्हातारीला समुद्राची हौस आहे, असं त्यांना वाटलं असेल. एका बाईनं माझा फोटोही काढला.

लिटल रीफवर, म्हणजे याच बेटावर, माणूस गेलं की त्याला घराच्या अंगणात पुरायचं. वेगळी दफनभूमी काढण्याएवढं बेटच नव्हतं आमचं, आणि असतं तरी आम्ही काढली नसती. मेला म्हणून काय माणसाला घरापासून लांब टाकायचं? चुलीपाशी बसून दिसेल अशी जागा बघायची आणि भोवती शंख मांडायचे, पालथे, फट न ठेवता. उताणा शंख बोलत राहतो, समुद्र भरलेला असतो त्यात, आणि आतल्याची झोप मोडते, म्हणून पालथा. पालथ्या शंखांची रांग दिसली की वळसा घालायचा. डोक्यावर पाण्याची बादली असो की मागे कुत्रं लागलेलं असो, वळसा. मी एकदा कोंबडीमागे धावताना शेजारच्या मिस युफेमियाच्या नवऱ्याच्या थडग्यात शिरले होते. तिनं मला जागच्या जागी उभं केलं, आले तशी उलट्या पावलांनी बाहेर यायला लावलं आणि मग त्या माणसाची माफी मागायला लावली, नावानं, मोठ्यानं. कोंबडी तेवढा वेळ आत उभी राहून माझ्याकडे बघत होती. हे मला आठवलं ते पाण्याच्या कडेनं चालताना, आणि इतकी वर्षं बारांकिया शहरात तिसऱ्या मजल्यावर राहून, शाळेचे गणवेश शिवून, बसच्या गर्दीत कोपरं मारून माझ्या पायांना हे अजून ठाऊक आहे याचा मला, काय सांगू, अभिमान वाटला.

खोलीचं कौतुक काय सांगावं. झावळ्यांचं छप्पर, कुडाच्या भिंती, पंखा नाही, वारा येईल तेवढा. आंघोळीला एक बादली, पाणी घ्यायला नारळाच्या करवंटीचं ओगराळं. संडासात पाणी नाही, लाकडाचा भुसा टाकायचा. निसर्गाला त्रास नको म्हणून. माझी आत्या असल्याच छपराखाली राहायची आणि मोठ्या बेटावरचे लोक आले की लाजून दार लावून घ्यायची. तिला कुणी सांगितलं नाही की ती निसर्गाची काळजी घेते आहे. रात्रीच्या जेवणात रन-डाऊन आलं, नारळाच्या दुधात शिजवलेले मासे, शंखाचं मांस, नीरफणस, पिठाचे गोळे. आमच्याकडे हे पातेलंभर करायचे, अख्खी आळी जेवायची. इथं कपात, मधोमध एक पान. मी तीन कप मागवले. वाढणारी पोर हसू दाबत चौथाही घेऊन आली. अरेलिस माझ्याकडे बघत होती, आई खूश आहे का ते शोधत. जेवण झाल्यावर आम्ही दोघी खोलीसमोर बसलो तेव्हा मी विचारलं.

"हे शंख कुठनं आणलेस?"

"इथलेच आहेत."

"इथले म्हणजे?"

तिनं चष्मा काढून स्कर्टला पुसला. लहानपणी खोटं बोलायच्या आधी ती असंच काहीतरी पुसत बसायची. पण ती खोटं बोलली नाही. "तुला कळणार हे मला माहीत होतं, आई. म्हणून आधी बोलले नाही. तू आलीच नसतीस."

"अंगणांतले?"

"अंगणं राहिली होती कुठे? लागोपाठ दोन वादळं झाली ना, त्या दुसऱ्यानंतर नुसते वाळूचे ढीग. कंपनीचा इंजिनिअर सगळे शंख दळून चुना करणार होता, जमिनीत घालायला. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, ठेवा, आपण वाट करू. आणि मुद्दाम उताणे लावून घेतले, म्हणजे कुणाला म्हणायला नको की थडग्यावरून चालतोय. मी विसरलेली नाहीये काही. तूच सांगितलं होतंस सगळं."

"आणि खालची माणसं?"

"ती तिथंच आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही."

"तिथंच म्हणजे कुठं, अरेलिस?"

ती म्हणाली, "नकाशात थडगी नव्हती. मी यायच्या आधीच सपाटी झाली होती."

"म्हणजे माझी आई कुठं आहे ते तुला माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही, आई."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि तेच जास्त झोंबलं. ती नसती तर चुना झाला असता. मी तिला शिकवलं, तिनं ऐकलं, लक्षात ठेवलं आणि वाचवलं. मी तिला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि आतून शिव्या येईनात. आठवली ती एक जुनी गोष्ट. मी अकरा वर्षांची असताना आई तापानं गेली. बाप शंख काढायला बुडी मारायचा, पण आईसाठीचे शंख त्यानं वेगळे आणले. रोज पहाटे एकटा जायचा, लांब, रीफच्या, पाण्यातल्या प्रवाळाच्या रांगेच्या पलीकडे, जिथं जुने, जाड कडांचे शंख मिळतात. मांस बाहेर काढायला शंखाच्या पाठीला भोक पाडावं लागतं; आतली गाठ कापली की जीव निसटून येतो. प्रत्येकाची भोक पाडायची जागा ठरलेली. माझ्या बापाचं भोक सगळ्यांपेक्षा वर, टोकाजवळ, कारण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गळाच्या दोरीनं नेली होती आणि त्याला शंख तसाच धरता यायचा. लोक हसायचे त्याच्या भोकाला. मांडून झाल्यावर त्यानं चुलीपाशी बसून भाजलेला नीरफणस खाल्ला, बराच, भुकेल्यासारखा. मला त्याचा राग आला होता. अरेलिस तिच्या खोलीत गेल्यावर मी बसून राहिले आणि आता मला वाटलं, तो खरंच भुकेला होता, बस.

सकाळी मी जागा शोधायला निघाले. विहीर सापडली, तिच्यावर जाड काच बसवली आहे आणि आत दिवा. विहिरीपासून आमचं दार उगवतीला, मध्ये नीरफणसाचं झाड, मग चूल, मग आई. झाड नाही. उगवतीला समुद्र पूर्वी होता त्यापेक्षा खूप अलीकडे आलेला. मी एका जागी उभी राहिले, वाटलं इथंच. दोन पावलं सरकले तर तिथंही इथंच वाटलं. तिथं बांबूच्या मंचावर काही बाया डोळे मिटून श्वास सोडत बसल्या होत्या. त्यांना शिकवणाऱ्यानं मला खुणेनं बोलावलं, या, बसा. मी त्याच्याकडे बघून श्वास सोडला आणि पुढे गेले. मंचाखाली असेल, जेवणघराखाली असेल, समुद्रानं नेली असेल. माणसाचं थडगं हरवतं तेव्हा नक्की काय हरवतं हे मला सांगता आलं नसतं, पण पायांना सारखं वाटत होतं की खाली काहीतरी आहे, प्रत्येक पावलाला, आणि मी माझ्याच बेटावर चोरासारखी चवड्यांवर चालत होते. ते मला सहन झालं नाही.

स्वयंपाकघरात मिस डल्सिना होती. मोठ्या बेटावरची, माझ्याच वयाची, इथल्या सगळ्या नोकरमाणसांची म्होरकी. तिची आजी लिटल रीफची, म्हणजे तिचंही कुणीतरी या वाळूत आहेच. ती खेकडे फोडत होती.

"काल पाण्यातून आलात ते बघितलं मी," ती म्हणाली. "मला वाटलं, चला, कुणीतरी आलं घरचं."

"तुम्ही कशा चालता त्या वाटेवरून?"

"उताणे आहेत ना. मी स्वतः लावून घेतले तुमच्या पोरीबरोबर. उताणा शंख म्हणजे नुसता शंख. पोटाला कारण लागतं, मिस हेझल, ते आम्ही शोधलं." तिनं एक नांगी फोडली आणि मांस माझ्या हातावर ठेवलं. "झोप येते का म्हणाल तर येते. पहिल्या महिन्यात नाही आली."

"आणि पालथे असते तर?"

तिनं हात पुसले. माझ्याकडे नीट बघितलं. "पालथा असता तर राजा आला तरी मी त्यावरून थाळी नेली नसती. आणि एकदा पालथा झालेला शंख मी पुन्हा उताणा करणार नाही. आधीच सांगून ठेवते. माझ्या पोरीही नाहीत करणार." मग खेकड्याकडे वळून म्हणाली, "मीठ कमी आहे का बघा जरा."

दुपारच्या जेवणाला मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. डोंगराकडच्या शहरातला, गोरापान, नखं स्वच्छ. खुर्ची ओढून बसला आणि माझा हात हातात घेतला. "सेन्योरा हेझल, आज संध्याकाळी मालक येणार आहेत, बोगोताहून. बरोबर पुढच्या बेटाचे भागीदार. तुम्ही या बेटाची लेक. तुम्ही जर वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिलात, त्यांच्या हातात नारळ दिलात, दोन शब्द बोललात, तर किती गोड होईल."

"पुढचं बेट कुठलं?"

त्यानं नाव सांगितलं. तिथं कोण राहायचं ते मला माहीत होतं. अंगणं तिथंही होती. अरेलिस समोर बसून पानानं माशाचा काटा ढकलत होती.

"तिथंही अशीच वाट करणार?"

"हीच तर आपली ओळख आहे," तो म्हणाला. "सगळे फोटो या वाटेचेच निघतात. पुढचं काम तुमच्या मुलीलाच मिळणार आहे, त्यांना ही वाट पसंत पडली की झालं."

"कुठं उभं राहायचं ते मी बघते," मी म्हटलं. तो खूश होऊन गेला. अरेलिस हळूच म्हणाली, "आई, काही करू नकोस. प्लीज. ओळखते मी तुला." मी तिच्या गालावरून हात फिरवला. तिचा चेहरा माझ्या आईसारखा आहे, हनुवटीपाशी. ती बोट गाठून मालकांना आणायला निघून गेली.

ऊन डोक्यावर होतं. पाहुणे पडदे ओढून झोपले होते. लपूनछपून करण्यातलं मला काही करायचंच नव्हतं. मी धक्क्यापाशी गेले, वाटेच्या बाहेर वाळूत गुडघे टेकले आणि पहिला शंख पालथा केला. जड होता. आतून वाळू गळली, एक बारका खेकडा पाय गोळा करून पळाला. दुसरा. तिसऱ्याची कड अंगठ्याला लागली, रक्त आलं, ते मी वाळूला पुसलं. आमच्या आळीतले वाकड्या भोकांचे, काहींना हातोडीची चीर, काही इतके जुने की बोटाखाली खडूसारखे सुटत होते. चुकीचं करते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटलं ते असं, की इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या शहरात दुसऱ्यांच्या पोरांची मापं घेत वाकले, आज पहिल्यांदा माझ्या कामासाठी वाकते आहे. पाठ दुखत होती आणि मला ते दुखणं आवडत होतं. मग एक शंख हातात आला त्याचं भोक वर होतं, टोकाजवळ. मी बोट घातलं त्यात. नीट बसलं. थोड्या अंतरावर दुसरा तसाच, मग पलीकडच्या कडेला एक. कुणीतरी ते पत्त्यांसारखे पिसून टाकले होते. पाच-सहा जरी एकत्र सापडले असते तर मी ते उचलून नेले असते आणि बाकीचं सोडलं असतं, खरं सांगते. पण बाप सगळीकडे होता, म्हणून मी कुठंच थांबले नाही.

टोपी घातलेली एक परदेशी बाई खोलीतून बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "हा कार्यक्रम आहे का? मी येऊ?"

"या," मी म्हटलं. "वाटेच्या बाहेर बसा. तोंड खाली, एकमेकांना चिकटून. फट नको."

ती छान काम करणारी निघाली. मध्येच म्हणाली, "फार शांत वाटतं." मी म्हटलं, वाटणारच. तिनं नवऱ्याला हाक मारली, त्यानंही टोपी काढून हात लावला. त्यांना मी सांगितलं नाही. त्यांचं काय चुकलं होतं? ऊन कलेपर्यंत आम्ही झाडीच्या वळणापर्यंत पोचलो होतो, आणि भरतीचं पाणी वाटेच्या कडेला येऊन लागलं होतं.

बोटीचा आवाज ऐकून जेवणघरातून पोरी निघाल्या, पुढे मिस डल्सिना, हातात नारळांची थाळी. वळणावर आली आणि थांबली. मागच्या पोरी तिच्यावर आदळल्या. तिनं एका नजरेत वाटेच्या टोकापर्यंत बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या अंगठ्याकडे. तिनं एका हातानं झगा वर खोचला, थाळी डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरली, गुडघ्याएवढ्या. मागून सगळ्या पोरी. वादक होते, तेही गिटार उंच धरून उतरले. मॅनेजर धावत आला. आधी त्याला कळेना की काय बदललं आहे. कळलं तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे सरळ करा. आत्ता. दहा माणसं लागा." कुणी जागचं हललं नाही. पाण्यातून मिस डल्सिना म्हणाली, "सेन्योर, ते सरळच आहेत." त्यानं स्वतः वाकून एक शंख उताणा केला, दुसरा केला, आणि मान वर केली तर अख्खी वाट पुढे होती आणि पाण्यातली माणसं त्याच्याकडे बघत होती, रागानं नाही, मिस युफेमिया माझ्याकडे बघायची तशी. तो तिसऱ्याकडे गेला नाही. मी जाऊन ते दोन परत पालथे केले.

धक्क्यावर मालक उतरले होते, पांढरे कपडे, उंच, दोन्ही बाजूंना भागीदार. अरेलिस त्यांच्या पुढे. मी वाटेच्या या टोकाला उभी, ती त्या टोकाला, आणि मध्ये ते पालथे शंख. तिनं शंख बघितले. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. इतक्या लांबून मला तिची हनुवटी दिसली. मालकानं हसत वाटेवर पाय टाकायला उचलला. मनात म्हटलं, पोरी, तुझं काम तुझं, तू ये वाटेवरून, मी काही म्हणणार नाही. तसं मनापासून म्हटलं की काय ते मलाही माहीत नाही. अरेलिसनं मालकाची बाही धरली. काहीतरी बोलली, थोडंच. मग बुटांसकट, त्या चांगल्या स्कर्टसकट, पाण्यात उतरली आणि एकटी चालायला लागली. मालक तिथंच उभा राहिला. त्याच्या शेजारचा भागीदार मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

ती माझ्यापर्यंत आली तेव्हा कमरेपर्यंत ओली होती. मी आयुष्यात तिला इतकं रागावलेलं बघितलं नव्हतं, आणि मी माघार घेणार नव्हते. तीही नव्हती.

"गेलं ते काम," ती म्हणाली. "झालं समाधान?"

"झालं."

तिनं वळून वाटेकडे बघितलं, या कडेवरून त्या कडेपर्यंत. स्कर्ट पिळला. बराच वेळ पिळत राहिली. मग विचारलं, "यातली आजीची जागा कुठली?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर कुठूनच जायचं नाही."